वैलचा मिलिंद

आमच्या हॉटेलात "छान" म्हणायला बंदी आहे.

"मस्त", "भारी", "एक नंबर" यांनाही बंदी आहे. तशी पाटी कुठे लावलेली नाही, पण नवीन माणूस कामावर आला की एप्रन देण्याआधी त्याला हे सांगतात. तरी कुणीतरी विसरतंच. चमचा तोंडात घालून एखादा म्हणतो, "छान झालंय, शेफ." मग मिलिंद हातातलं काम ठेवून वळतो. "छान म्हंजे काय? छान साडी असती. छान हवा असती. तुझ्या तोंडात आत्ता काय झालं ते सांग." समोरचा गांगरतो. सांगता आलं नाही की शिक्षा ठरलेली. अर्धा किलो लसूण सोलायचा.

आमचा एक वाढपी आहे, प्रदीप. स्वभावाने फार कौतुकाचा माणूस. पहिल्या महिन्यात त्याने इतका लसूण सोलला की लोणावळ्याहून तळेगावला परत जाताना लोकलमध्ये त्याच्या शेजारी कुणी बसेना. "आपल्याला खिडकी कायमची मिळाली," असं तो वर अभिमानाने सांगतो.

एकदा तर मिलिंदने गिऱ्हाइकालाच लसूण दिला. मुंबईच्या एक बाई प्रत्येक ताटलीला "अमेझिंग" म्हणत होत्या. सहाव्या ताटलीला मिलिंद स्वतः बाहेर गेला, त्यांच्यापुढे पितळी ताटात लसणाचे चार गड्डे ठेवले आणि अदबीने म्हणाला, "मॅडम, आमच्याकडे असा नियम आहे." आम्ही दाराआडून बघत होतो. वाटलं, आता बाई उठून जाणार. बाईंनी बांगड्या मागे सारल्या आणि चारही गड्डे सोलले. वर त्याचा फोटो काढून सगळीकडे पाठवला. तेव्हापासून लोक येतात आणि पाणी यायच्या आधी विचारतात, "आमचा लसूण कुठाय?"

मिलिंदचं नाव तुम्ही ऐकलं असेल. पेपरात फोटो येतो, टीव्हीवर येतो. बाकीचे मोठे शेफ उंच पांढरी टोपी घालतात, हा डोक्याला काही घालत नाही. खांद्यावर पंचा टाकतो. आम्ही एकाच वस्तीतले, आंबीचे. त्याचं घर आणि माझं माहेर यांच्यामध्ये एक भिंत. मी त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी, त्याला कडेवर घेतलेली. आता मी बेगडेवाडीला नांदते आणि त्याच्या हॉटेलात भाकरी करते. कामावर मी त्याला शेफ म्हणते आणि अहो-जाहो करते. दाराबाहेर पाऊल टाकलं की तो मिलिंद आणि अरे-तुरे. तो मात्र आत-बाहेर मला ताईच म्हणतो.

हॉटेल म्हटलेलं त्याला आवडत नाही. "ताई, हे हॉटेल न्हाई. रेस्टॉरंट." पण आमच्या आंबीत चहाच्या टपरीपासून सगळ्याला हॉटेलच म्हणतात, त्याला मी काय करू? नाव त्याने ठेवलंय "वैल". जुन्या मातीच्या चुलीला शेजारी एक दुसरं तोंड असायचं, तो वैल. त्यात लाकूड घालत नाहीत. चुलीतला उरलेला जाळ आपोआप तिकडे जातो आणि त्याच्यावर आमटी सावकाश शिजते. "चुलीवर आमटी नुसती उकळती," मिलिंद म्हणतो, "आमटी होती ती वैलावर." इंग्रजी बोलणारी गिऱ्हाइकं नाव वाचून विचारतात की व्हेल मासा मिळतो का. प्रदीप सांगतो, आज संपला.

मिलिंदचे वडील रेल्वेत गँगमन होते. तो शाळेत असतानाच गेले. आई, म्हणजे आमची गयामावशी, दुसऱ्याच्या वावरात भाताची लावणी करायला जायची. दहावी झाल्यावर मिलिंद लोणावळ्याला एका चिक्कीच्या भट्टीवर शेंगदाणे भाजायला लागला. तिथल्या मालकाला पहिल्यांदा कळलं की हे पोरगं काही वेगळं आहे. मिलिंद बाहेर रस्त्यावर उभा राहून सांगायचा, "दाणं काढा, जळायला लागलं." आत बघावं तर खरंच दाण्याचा रंग बदलायच्या बेतात असायचा. मग तो एका हॉटेलात भांडी घासायला गेला, तिथून भाजी चिरायला, तिथून शेगडीवर. मग मुंबई, मग जहाजावर, आणि मग अकरा वर्षं फ्रान्समध्ये.

फ्रान्सहून तो तिथली भाषा घेऊन आला. ती आम्हाला फार उपयोगी पडते. तो फ्रेंचमध्ये ओरडला तर हात भराभर चालवायचे. इंग्रजीत ओरडला तर गप्प उभं राहायचं. आणि आंबीच्या बोलीत ओरडायला लागला तर मागच्या दाराने बाहेर जायचं.

तो परत आला तेव्हा सगळ्यांना वाटलं मुंबईत दुकान टाकणार. त्याने लोणावळ्याच्या अलीकडे, जुन्या हायवेवरून आत, एक बंद पडलेलं गोदाम घेतलं आणि बावीस खुर्च्या टाकल्या. माझा भाऊ बघायला आला. चार वेळा खुर्च्या मोजल्या त्याने. मग हळूच मिलिंदला बाजूला घेऊन म्हणाला, "एवढा परदेशात ऱ्हायलास आणि बावीसच? आपल्या तरुण मंडळाकडं दीडशे पडून हायत. टेम्पो पाठवू का?"

त्या बावीस खुर्च्यांसाठी लोक तीन-तीन महिने आधी नाव लावतात. माणूस बसला की त्याच्यापुढे एकामागून एक अकरा ताटल्या येतात, आणि ताटली परातीएवढी असली तरी मधे घास एकच. त्या घासासाठी आम्ही दोन दिवस राबतो. भारंगी, कुरडू, टाकळा, असल्या आमच्या डोंगरातल्या रानभाज्या, ओढ्याचे खेकडे, इंद्रायणी तांदूळ. आमच्या वस्तीत जे खाऊन आम्ही मोठे झालो तेच, पण मिलिंदच्या हातून गेलेलं. माझी भाकरी सातव्या ताटलीत असते, तळहाताएवढी. पहिल्या दिवशी मी विचारलं, "एवढीशी? पोट कसं भरंल माणसाचं?" तो म्हणाला, "पोट भरायला न्हाई येत माणसं. आठवण करायला येत्यात."

टेबलावर तो मीठ ठेवत नाही. कांदा-लिंबू तर नाहीच. पुण्याचे एक काका पहिली ताटली यायच्या आत म्हणाले, "जरा कांदा चिरून आणा, लिंबू पण." मिलिंद बाहेर आला. "काका, आधी एक घास तसाच खा. आवडला न्हाई तर मी तुम्हाला कांद्याचं पोतं देतो." काकांनी खाल्लं. चेहऱ्यावरून कळत होतं की आवडलंय, पण माणूस हट्टी. "कांदा पाहिजे होता," म्हणाले. काका जेवून बाहेर गेले तर गाडीच्या डिकीत कांद्याचं पोतं. काका दर वर्षी येतात आता. आल्यावर आधी डिकीला कुलूप लावतात.

लग्न त्याने केलं नाही. विचारलं की म्हणतो, "बावीस जण रोज जेवायला घालतो, अजून एक कुठं वाढवू?"

तो माल आणायला स्वतः जातो आणि भाजीशी बोलतो. दोडक्याला "या, साहेब" म्हणतो. वांगी निवडताना "तू चल, तू थांब, तू उद्या ये." तळेगावच्या बाजारातल्या मावशा त्याला बघून आधी घाबरायच्या. आता त्याही त्याच्या भोपळ्याची खुशाली विचारतात.

मला त्याने कामावर घेतलं ते भाकरीसाठी. पण "काय लागतंय सांग" यातून माझीही सुटका नव्हती. आणि मला चार माणसांत बोलता येत नाही. पहिल्या आठवड्यात मी एवढा लसूण सोलला की प्रदीपला माझी कीव आली. मग मिलिंदने एक वही आणून दिली आणि म्हणाला, "बोलू नको. लिही."

मी लिहायला लागले. चाखायचं आणि लिहायचं. "आमसूल आधी येतं, गूळ मागून येतो, पण दोघांची भेट होत नाही." "नव्या माठातल्या पहिल्या पाण्यासारखं." "पाटी पुसलेल्या फडक्यासारखं, करू नये." मिलिंद वाचायचा आणि खो खो हसायचा. "आमसुलाची आन् गुळाची भेट घालून देतो, ताई," म्हणायचा आणि खरंच घालून द्यायचा. पुढे मेनू छापणाऱ्या मुलीने माझी वही बघितली आणि त्यातलंच इंग्रजी करून कार्डावर घातलं. नव्या माठाचं पाणी आता इंग्रजीत आहे. मला ते वाचता येत नाही, पण कुठल्या ओळीत आहे ते माहीत आहे.

हे सगळं सुरळीत चाललं होतं. मग साथीचा ताप आला. मिलिंद तीन आठवडे अंथरुणावर होता. उठला, कामावर आला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पहिल्यासारखाच ओरडायला लागला. फ्रेंच, इंग्रजी, सगळं जागेवर.

एक दिवस मी शेंगदाण्याची चटणी वाटली. दाणे उघडे राहिले होते, त्यांना खवट वास मारत होता. मला वाटताना कळलं, पण म्हटलं, शेफना आधी दाखवू आणि मग टाकू. मिलिंदने चिमूटभर तोंडात घातली. मी कानावर हात ठेवायच्या तयारीत. आता आंबीची बोली निघणार. त्याने डोळे मिटले, मान हलवली आणि म्हणाला, "हं. बरोबर हाय. लाव वाट्या."

चिक्कीच्या भट्टीबाहेर रस्त्यावर उभं राहून दाण्याचा वास ओळखणारा तो माणूस.

मी वाट्या लावल्या नाहीत. चटणी टाकली, नवीन वाटली. दुसऱ्या दिवशी मुद्दाम बिनमिठाची आमटी त्याला चाखायला दिली आणि मीठ मागून घातलं, तेही त्याला कळलं नाही. तिसऱ्या दिवशी वहीत लिहिलं. "परवाचे दाणे खवट होते. कालच्या आमटीत मीठ नव्हतं. तुम्हाला ताप गेल्यापासून चव येत नाही ना?" आणि वही त्याच्या हातात दिली.

तो वही घेऊन कोठीत गेला. मी मागून गेले. तांदळाच्या पोत्यावर बसला होता.

"वास गेलाय, ताई. वासामागं चवपण गेली. तिखट तेवढं झोंबतं, बाकी सगळं कापूस."

"डॉक्टर?"

"म्हणतो, येईल तवा येईल. नाय तर नाय." वही मिटून म्हणाला, "कुणाला सांगितलंस?"

"मी कुणाशी बोलते का?"

तो हसला. मग पंचाने तोंड पुसून म्हणाला, "हे बघ. पेपरवाल्यांना कळलं तरी मी बघून घेईन. ह्या पोरांना कळलं तरी चालंल. फक्त आईला कळता कामा न्हाई."

त्याला कुणाची भीती वाटते असं मी तोपर्यंत बघितलं नव्हतं. पण गयामावशीचं मला माहीत होतं. वस्तीत कुणाची आमटी बिघडली की तिचं एकच म्हणणं असायचं, "माझ्या मिलिंदाला बोलवा. लांबूनच सांगंल काय ऱ्हायलंय." तिने आयुष्यभर चिखलात वाकून भात लावला. स्वतःचं शेत नाही, अंगावर डागिना नाही. तिच्याकडे मिरवायला एकच गोष्ट होती, ती म्हणजे या पोराची जीभ. ती गेली हे तिला कसं सांगायचं?

तेव्हापासून मिलिंदची जीभ मी झाले. तो शिजवायचा, मी चाखायची, लिहायची. तो वाचायचा आणि मग मोठ्याने म्हणायचा, "कोकम जास्त झालंय!" जसं काही आत्ताच त्याच्या जिभेवर आलं. बाकीच्यांना वाटायचं मी सामानाची यादी लिहिते. गंमत अशी की आमचं काम बिघडलं नाही, उलट चोख झालं. आधी तो स्वतःच्या जिभेवर विश्वासून पुढे जायचा. आता एकेका पदार्थाचं मला सात-सात वेळा विचारायचा.

पण सोमवारी माझा काही इलाज चालत नव्हता. सोमवारी वैल बंद असतो. दर सोमवारी मिलिंद आंबीला आईकडे जेवायला जातो, जगात कुठून का बोलावणं येईना. मीही माहेरी गेले की मावशी भिंतीवरून हाक मारते, "सुमे, ये गं दोन घास खायला."

असंच वर्ष गेलं आणि एका सोमवारी आम्ही तिघं जेवायला बसलो. डाळीची आमटी, भात, वांगं. मी आमटीचा पहिला घास घेतला आणि मला ठसका लागला. नुसतं मीठ. दुप्पट नव्हे, तिप्पट. मिलिंद शांतपणे भात कालवत होता. दोन वाट्या आमटी प्याला. "आई, तुझ्या हातची आमटी ती आमटीच," म्हणाला. कामावर जो माणूस "छान" म्हणू देत नाही, तो आईकडे असलं मोघम बोलत होता. मावशी गालात हसली आणि म्हणाली, "घे अजून."

जेवण झाल्यावर मी भांडी घेऊन मागच्या दगडावर गेले. मावशी माझ्या मागे आली. पदराने हात पुसत उभी राहिली.

"सुमे, पोराला चव कळत न्हाई ना?"

मी भांडं घासत राहिले.

"बोलू नको. तुझं गप बसणंच मला कळतं. चार सोमवार झाले. पैल्यांदा माझ्या हातनं खरंच मीठ ऱ्हायलं. मी वाट बघितली, आता म्हनंल, मग म्हनंल. गप खाल्लं त्यानं. मग मी दुसऱ्या सोमवारी बिनमिठाचंच केलं. मग दुप्पट घातलं. आज मूठभर टाकलं."

"मावशी, मलापण वाढलंस ते."

"तुला ठसका लागला म्हणून तर खात्री झाली." मग तिने माझ्या हातातलं भांडं घेतलं आणि खाली ठेवलं. "त्याला सांगू नको हां मला कळलं म्हणून. लपवतोय तर लपवू दे. दमलेलं पोर हाय. हितं येऊन त्याला अजून एक काळजी नको."

तर अशी मी दोघांचा शब्द पाळत बसले. एकाने सांगितलं आईला कळू नये, दुसरीने सांगितलं पोराला कळू नये. ज्या बाईला बोलता येत नाही तिलाच लोक का सगळं सांगतात, हे मला त्या दिवशी समजलं.

पुढच्या सोमवारी मावशीचं ताट बदललं. आमटी नव्हती. तांदळाची भाकरी होती, पण चुलीच्या आरावर, निखाऱ्यांपाशी उभी करून कडक केलेली, पापुद्रा वाजेल अशी. कुरडई होती. भाजलेले दाणे, चुरचुरीत तळलेली सुकट, भाताच्या भांड्याच्या बुडाची सोनेरी खरपुडी. आणि त्या गरम खरपुडीशेजारी माठातलं गार ताक. मधे हिरव्या मिरचीचा ठेचा. मिलिंदने एक तुकडा मोडला. कडकन आवाज आला. तो थांबला. दुसरा मोडला. मग तो खाली मान घालून असा जेवायला लागला, जसा शाळेतून आल्यावर जेवायचा. किती महिन्यांनी.

मावशी माझ्याकडे न बघता चुलीकडे तोंड करून पुटपुटली, "जिभंला न्हाई तर दाताला कळंल. कानाला कळंल."

मंगळवारी मिलिंद वैलवर आला तोच हुरूप घेऊन. "ताई, मला खरपुडी पाहिजे. पातळ, काचेसारखी. तिच्याखाली गार, एकदम गार काहीतरी." महिनाभर आम्ही भाताची भांडी करपवली. मधला भात सगळ्या पोरांनी खाल्ला, बुडाचा मिलिंदने ठेवला. शेवटी जमलं. इंद्रायणीच्या खरपुडीचं पान, त्याखाली गार ताकाचा लोण्यासारखा गोळा, वर ठेच्याचा एक थेंब. मोडलं की आधी आवाज येतो, मग गरम, मग गार, मग झोंबतं. चव माझ्या वहीतून लागली, पण पदार्थाची कल्पना मिलिंदची. म्हणजे मिलिंदला तसं वाटत होतं. मी गप्प होते.

त्याच सुमारास जगातली चांगली स्वयंपाकघरं निवडणाऱ्यांची माणसं येऊन गेली. ती सांगून येत नाहीत. पण प्रदीपने ओळखलं. धावत आत आला, "शेफ, चार नंबरला दोघं जण बसल्यात. फोटो न काढता जेवतायत. तेच असणार."

तेच होते. दोन महिन्यांनी कळलं की वैलचं नाव त्या यादीत आलं. आमच्या भागातलं, आमच्या वस्तीतल्या माणसाचं स्वयंपाकघर, आणि त्या यादीत. मी बातमी ऐकली तेव्हा हाताला पीठ होतं. तशीच बाहेर अंगणात गेले आणि रडून आले.

आंबीत सत्कार ठेवला. ज्यांच्या वावरात मावशी लावणीला जायची त्या घरातले आबा पुढच्या रांगेत, आमची वस्ती त्यांच्या शेजारी. आधी विहारात वंदना झाली, मग पेढे. मावशीने पांढरी साडी नेसली होती आणि येईल त्याला "जयभीम, बसा" म्हणत होती. मुंबईहून आलेल्या पत्रकारांनाही ती तेच म्हणाली, तेही "जयभीम" म्हणून बसले. कमानीला मोठा फ्लेक्स होता. मंडळाच्या पोरांनी मिलिंदच्या फोटोवर कॉम्प्युटरने उंच टोपी बसवली होती आणि खाली मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, "सोन्याच्या जिभेचा शेफ."

मिलिंदने ते वाचलं. मी त्याच्या बाजूलाच होते. त्याच्या हातात पेढा होता, तो त्याने खाल्ला नाही. सत्काराचं भाषण त्याला करता आलं नाही. आईच्या पाया पडून खाली बसला. लोकांना वाटलं, भरून आलं.

त्याच्या पुढच्या सोमवारी त्याने मावशीला पहिल्यांदा वैलवर आणलं. एरवी ती येत नसे. "चार दात ऱ्हायल्यात माझे, तुझं महागाचं अन्न वाया जाईल," म्हणायची. त्या दिवशी आली. बंद हॉटेल, खिडकीजवळच्या टेबलाला मावशी आणि मी, दोघीच. मिलिंदने मलाही बोलावलं होतं, पण स्वयंपाकघरात येऊ दिलं नाही. वहीसुद्धा मागितली नाही. आत एकटाच काहीतरी करत होता. मला धास्ती वाटायला लागली. चाखणार कोण?

तो एक वाडगा घेऊन आला. नव्या तांदळाची मऊ पेज, दूध घालून, वर तूप. दात नसलेल्या माणसाला खाता येईल अशी. जगातले मोठे लोक ज्याच्या हातचं खायला विमानाने येतात, तो आईपुढे वाडगा ठेवून पंचाचं टोक पिळत उभा राहिला.

मावशीने चमचा बाजूला ठेवला आणि वाडगा तोंडाला लावला.

"आई," मिलिंद म्हणाला, "ही मी कुणाला चाखायला दिली न्हाई. कशी झालीय मला ठाव न्हाई. मला चव येत न्हाई, आई. दीड वर्ष झालं. ती फ्लेक्सवरची जीभ माझ्याकडं न्हाई."

मावशीने वाडगा खाली ठेवला. तोंड पुसलं.

"ठावं हाय," ती म्हणाली. "तुला मूठभर मीठ खाऊ घातलंय मी. बस हितं."

तो तसाच उभा.

"बस म्हणते ना. आता तू खा, मी सांगते."

मिलिंद वैलच्या खुर्चीवर कधी बसत नाही. त्या दिवशी बसला. मावशीने वाडगा त्याच्याकडे सरकवला. त्याने एक घास घेतला आणि डोळे मिटले.

"तांदूळ नवा हाय," मावशी सांगायला लागली. "गोडसर. दूध म्हशीचं, जरा जास्त आटलंय. धुराचा वास लागलाय, पर चांगला लागलाय, पावसाळ्यात घरात भरतो तसा. मीठ चिमटीभर पायजे हुतं." त्याने दुसरा घास घेतला. "आता हितं तूप आलं. तूप शनवारचं हाय, ताजं न्हाई."

मिलिंदने डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. शनिवारचंच होतं, मीच कढवलं होतं.

तो हसायला लागला, आणि हसता हसता त्याचे डोळे वाहायला लागले. तो पुसत नव्हता, एकामागून एक घास घेत होता, आणि मावशी प्रत्येक घासाला काय लागतंय ते सांगत होती. मी उठून आत जायला निघाले. मायलेकांत आपण कशाला?

"सुमे, कुठं चाललीस?" मावशी म्हणाली. "ये, बस. माझं वय झालंय, एकटीला न्हाई जमायचं. ह्याला पुढं चव सांगायला दोघी लागतील."